घराचा दर्जा हिरवा पडला तेव्हा

शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या पट्ट्यात ज्याच्या घरात पहिली पांढरी लादी बसली तो माणूस म्हणजे माझा बाप. ही बढाई नाही, तक्रार आहे. पहिलं असण्यात मोठा धोका असा, की आपण कुठे चुकतोय हे सांगायला आधी चुकलेला कोणी नसतो. गावात आमच्याआधी कोणाकडे लादी असती, तर त्याने बाबांना सांगितलं असतं की ही भिंतीला लावायची लादी आहे, जमिनीवर घालू नको. पण तसा कोणी नव्हता. शहापूरच्या दुकानदाराला ठाऊक होतं. पण त्याच्याकडे तोच माल पडून होता, म्हणून तो बोलला नाही.

तर दवाखान्याच्या भिंतीवर असते तसली, आरशाहून गुळगुळीत लादी आमच्या ओटीपासून चुलीपर्यंत जमिनीवर बसली. पहिल्या पावसाळ्यात गावातल्या प्रत्येक माणसाने आमच्या घरी साष्टांग नमस्कार घातला. ज्यांचं आमच्याशी बांधावरून भांडण होतं त्यांनीसुद्धा घातला. एक म्हातारे गृहस्थ उंबऱ्यात पाय ठेवताच खाली बसले, आणि बसल्या बसल्या घसरत थेट देव्हाऱ्यापाशी पोचले. घंटा तेवढी वाजवायची राहिली. बाबा मात्र खूश होते. माणूस घसरला की लादी किती गुळगुळीत आहे याचा पुरावा मिळायचा.

या सगळ्याचं मूळ माझं लग्न होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शहापूरला बी-बियाणं आणि खतांच्या दुकानात कामाला होतो. मला लग्नाची फार घाई होती, मुलींना अजिबात नव्हती. बोलणी व्हायची, घर बघायला माणसं यायची, चहा प्यायची, आणि मग त्यांच्याकडून इतकी शांतता व्हायची की आमच्या डोंगरावरची माकडंसुद्धा कान देऊन ऐकायची. माझी आत्या मुरबाडकडे दिलेली. सगळ्या जातीतल्या सगळ्या मुलींच्या मनात काय चाललंय हे तिला घरबसल्या कळत असे. तिने निदान केलं. मुली आता कॉलेजात जातात, म्हणाली, मुलाचं तोंड नंतर बघतात, आधी खाली बघतात. शेणाने सारवलेली जमीन दिसली की चहा अर्धा ठेवून उठतात.

बाबांनी ते मनावर घेतलं. बाबांनी मनावर घेतलेल्या गोष्टी सहसा आमच्या डोक्यावर येत, ही पायाखाली आली.

आईने लादीला विरोध केला नाही. आई विरोध करत नसे, ती वाट बघत असे. लादी बसल्यावरचा पहिला सण आला तशी तिने गोठ्यातून ताजं शेण आणलं, पाण्यात पातळ कालवलं, आणि त्या झगझगीत पांढऱ्या लादीवर हाताने अर्धगोल काढत सारवायला बसली. बाबा ओरडले. आईने मान वर न करता सांगितलं, की सणाच्या दिवशी सारवण झाल्याशिवाय देव घरात टिकत नाही. देव टिकला की मग पुसून काढते, म्हणजे तुमची लादी टिकेल. यात खोट काढायला जागा नव्हती. तेव्हापासून आमच्या घरात दोन्ही धर्म पाळले जाऊ लागले. प्रत्येक सणाला, अमावास्येला सकाळी देवासाठी सारवण, आणि वाळलं की पावण्यांसाठी पोछा.

लादी पुसली की पांढरी व्हायची. पण दोन लाद्यांच्या मधल्या ज्या फटी असतात त्या काही पुसल्या जात नाहीत. त्या पितात. आमच्या फटी तर बेवड्यासारख्या प्यायच्या. शेणाचं पाणी, चुलीवरून उडालेलं तेल, भातलावणीच्या दिवसांत पायांबरोबर आलेला चिखल, सगळं रिचवून त्या आधी करड्या झाल्या, मग तपकिरी झाल्या, आणि वर्ष सरताना चक्क हिरव्या. उंबऱ्यात उभं राहून बघितलं की आषाढातलं शेत दिसायचं. पांढऱ्या पाण्याने भरलेली खाचरं आणि मधून हिरवे बांध. आमचा बैल एकदा दारातून आत डोकावला आणि तिथेच थबकला. त्याला वाटलं असणार, आता हितंही जुंपतात.

बाबांनी हे मान्य करायला साफ नकार दिला. ते पावण्यांना सांगायचे की ही डिझाईन आहे, हिरव्या काठाची, खास सांगून आणलेली. लोकांना ते पटलं. इतकं पटलं की शेजारच्या गावातला एक जण शहापूरला जाऊन हिरव्या काठाची लादी मागू लागला. दुकानदार कसलेला. माल संपलाय, म्हणाला, पुढच्या गाडीला येईल.

असं चाललेलं असताना आत्या एक स्थळ घेऊन आली. मुरबाडकडची मुलगी, बालवाडीत शिकवणारी. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत आम्हाला एकमेकांना दाखवण्यात आलं. बैलबाजाराच्या कडेला, घोंगड्यांच्या दुकानासमोर. ती बैलांकडे बघत होती, मी तिच्याकडे. मधे एकदा तिने माझ्याकडे बघितलं आणि परत बैलांकडे. तुलनेत मी फार खाली गेलो नसावा, कारण तिच्याकडून होकारासारखं काहीतरी आलं. आता फक्त घर बघायला तिचा मामा येणार होता. मुलीला घर नीट लागतं, एवढंच तिचं म्हणणं आहे, असं आत्याने सांगितलं, आणि ‘नीट’ म्हणताना तिने आमच्या जमिनीकडे असं बघितलं की बाबांनी पाय वर घेतले.

हा मामा त्या भागात घरं बघण्यासाठी प्रसिद्ध होता. स्वतःच्या नात्यात लग्न नसलं तरी लोक त्याला घर बघायला घेऊन जात. तो म्हणे भिंतीवर टकटक करून आत विटा किती आणि हवा किती ते सांगे. हंडा उचलून बघे, कौलं मोजे, आणि एका घरात त्याने नुसत्या वासावरून पोटमाळ्यावर मेलेला उंदीर आणि त्या घरातला दारूडा काका असे दोन्ही ओळखले होते. आत्याने बजावलं, मामा खाली बघून चालतो. हे स्थळ गेलं तर आता थेट कसाऱ्याच्या पलीकडे बघावं लागेल, तेही मी तोंड उघडायचं नाही या अटीवर.

मला ती मुलगी हवी होती. हे मी आजवर कोणाला सरळ सांगितलेलं नाही, इथेही थोडक्यात सांगतो. जत्रेतून परतल्यापासून मी दुकानात भाताचं बी मागणाऱ्याला नागलीचं बांधून देत होतो.

गवंड्याला बोलावलं. गावचाच गवंडी, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. लादी त्यानेच बसवली होती. तो आला, उकिडवा बसला, फटीतून नख फिरवलं, नखाकडे बघितलं आणि उठला. तो फार कमी बोलणारा माणूस होता. त्या दिवशी त्याने आणखी कमी बोलायला हवं होतं.

“दर्जा बेकार,” तो म्हणाला.

आता गवंडी लोक दोन लाद्यांमधल्या फटीला दर्ज म्हणतात, पुष्कळ असल्या की दरजा, आणि त्याच्या तोंडून तेही दर्जाच ऐकू येतं. हे मला नंतर कळलं. बाबांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना एकच दर्जा माहीत होता, आणि तो वाढावा म्हणून त्यांनी जमिनीवर भिंत अंथरली होती. त्यांनी हळूच विचारलं, की कोणाचा बेकार. गवंड्याने हात फिरवून आख्खं घर दाखवलं.

“तुमच्या घरभर, काका. पार खरवडून काढाया लागंल. नि मंग वाईट शिमिटनं भराया लागंल.”

बाबा लाल झाले. घराचा दर्जा बेकार आहे, तो खरवडून काढायचा, आणि वर वाईटाने भरायचा. व्हाइट सिमेंटला आमच्याकडे सगळे वाईट सिमेंटच म्हणतात, पण हे आठवायची बाबांची मनःस्थिती नव्हती. त्यांनी गवंड्याचं कूळ काढलं, त्याचा थापी धरायचा हात काढला, आणि त्याच्या स्वतःच्या घरावर अजून पेंढा आहे याची आठवण करून देऊन त्याला हाकलून दिलं. गवंडी जाताना एवढंच म्हणाला, की मी लादीचं बोलत होतो. पण अपमान झालेल्या माणसाला खुलासा ऐकू येत नाही.

गवंडी रागावला. कमी बोलणारा माणूस रागावला की जे काय बोलतो ते सगळ्या गावाला पाठ होतं. संध्याकाळपर्यंत चावडीपासून विहिरीपर्यंत वार्ता गेली, की त्यांच्या घराचा दर्जा गेला, तो सांगितला म्हणून गवंड्याला हाकलला. विहिरीवरच्या बायका आईला सहानुभूतीने विचारू लागल्या की नेमकं काय झालं गो, कोणाचं काय कळलं. आई म्हणे, काय नाय, हिरवा पडलाय. त्यातून त्यांनी काय समजून घेतलं देव जाणे, पण दोघींनी माझ्यासाठी उतारा टाकला.

गवंडी येणार नाही म्हटल्यावर दरजा घरच्या घरी साफ करायच्या ठरल्या. आता बाजारात बाटल्या मिळतात, फवारा मारला की काम झालं, लांब दांड्याचे ब्रशही मिळतात. तेव्हा आमच्याकडे दांडा होता, बाकी काही नव्हतं. पण सल्ले होते. गावातल्या ज्या माणसांनी जन्मात लादी बघितली नव्हती त्या प्रत्येकाकडे दर्ज साफ करायचा खात्रीचा उपाय निघाला. कोणी म्हणे चिंचेचा कोळ, जसं तांब्याला लावतो. कोणी म्हणे लिंबू आणि मीठ, म्हणजे निघालं नाही तरी चव येईल. एका निवृत्त मास्तरांनी दंतमंजन सुचवलं. त्यांचे स्वतःचे दात त्याने पार साफ झाले होते, एकही शिल्लक नव्हता. बाबांचा विश्वास राखेवर. शेतात राब, म्हणजे पालापाचोळा, भाजल्यावरची राख पोतं भरून आणली आणि नारळाच्या शेंडीने आम्ही बापलेक घासत बसलो. हिरवं गेलं. त्या जागी काळं आलं. बाबा म्हणाले, निदान रंग तरी हलला.

मग मी शहाणपणा केला. दुकानात येणाऱ्या एकाने सांगितलं की संडास साफ करायचं ॲसिड टाक, दगडसुद्धा पांढरा होतो. मी शहापूरच्या बाजारातून कॅन आणला. दुकानदाराने कॅन देताना हातात फडकं धरलं होतं, त्यावरून मी समजायला हवं होतं.

तोंडाला टॉवेल बांधून आम्ही ते फटीफटीतून सोडलं. पुढे जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. आधी नुसती सुरसुर. मग फेस. दूध उतू जायला वेळ लागतो, आमची जमीन लगेच उतू गेली. पांढरा फेस बांधाबांधावरून चढत खाचरात उतरला, आणि त्यातून असा धूर निघाला की देव्हाऱ्यातले देव एकमेकांच्या मागे लपले. मांजर कौलांतून निघून गेलं आणि आमच्या बाजूला बरेच दिवस फिरकलं नाही. कोंबडा पुढे जन्मभर घोगऱ्या आवाजात आरवला. गावाची सकाळ त्यामुळे उशिरा व्हायची. आई समया आणि तांब्याचे हंडे पदराखाली घेऊन अंगणात जाऊन बसली आणि तिथूनच आम्हाला विचारत राहिली, अजून हात शाबूत हायत का.

धुऊन काढलं. दरजा स्वच्छ झाल्या होत्या यात वाद नाही. इतक्या स्वच्छ झाल्या होत्या की त्या उरल्याच नव्हत्या. हिरवं आधीच गेलं होतं, आता काळं गेलं, काळ्याबरोबर सिमेंट गेलं, आणि दोन लाद्यांच्या मधे नुसत्या खोल रिकाम्या फटी राहिल्या. शिवाय लाद्या सुटल्या. कुठेही पाय ठेवला की खडक, दुसरा ठेवला की खुडुक. प्रत्येक लादीचा सूर वेगळा. ओटीवरून चुलीपर्यंत कोणी चालत गेलं की बँडवाले मांडवात शिरल्यासारखं वाटायचं. बाबा पडल्या पडल्या आवाजावरून सांगू लागले की कोण कुठे आहे, आणि चोरून गूळ खायची माझी सोय कायमची बंद झाली.

दुसऱ्या दिवशी मामा येणार होता.

मी बाबांना म्हणालो की गवंड्याच्या पाया पडतो. बाबा म्हणाले, तू पडलास तर तो पडल्याचं गावभर सांगेल, म्हणजे उरलेला दर्जाही जाईल. मग आईच उठली. तिने नव्या तांदळाचं पीठ काढलं आणि मोठ्या टोपात खळ शिजवायला ठेवली. वह्यांना कव्हर चिकटवायला, साडीला ताठपणा यायला करतात तीच खळ, पण दाट. पांढरी म्हणजे अशी पांढरी की त्यापुढे लादी मळकट दिसली. बाबांना राहवेना. ते टोपाजवळ येऊन म्हणाले, नुसती खळ वाळून उडंल, चिकट पायजे, साखर घाल. आईने त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी तिची वाट न बघता डबाच ओतला. मग आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून बोटाबोटाने दरजा भरत गेलो. सकाळी त्या वाळल्या, आणि आमचं घर दुधाने आखलेल्या वहीसारखं दिसू लागलं. लाद्यांची खडखडसुद्धा बसली होती.

किन्हवलीमार्गे येणाऱ्या एस्टीने मामा आला. बरोबर आत्या, आणि बरोबर, आमच्यापैकी कोणालाही न सांगता, ती मुलगी. मुलगी स्वतः घर बघायला आली ही गोष्ट आमच्या गावात त्याआधी झालेली नव्हती. अंगणाच्या कुंपणाला लागून बरीच मंडळी उगाच उभी राहिली. गवंडीही होता, पण पाठ करून, म्हणजे तो आपल्याकडे बघत नाही हे आम्हाला दिसावं.

मामा उंबऱ्यात थांबला. खाली बघितलं. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. बाबांनी श्वास घेतला तो सोडलाच नाही.

“पावणे,” मामा म्हणाला, “मी लई घरं बगितली. लादी कोनी बी घालतो. दर्जा अशा ऱ्हायला पायजेत.”

बाबांना अर्थातच एकच दर्जा ऐकू आला. ते तडक अंगणात गेले आणि कारण नसताना, गवंड्याच्या पाठीकडे तोंड करून, मामाचं वाक्य जोरात म्हणून आले.

मामा बसला. चहा आला, पोहे आले. मुलगी आत आईजवळ चुलीपाशी बसली. मी खांबाला टेकून अशा जागी उभा, की तिला मी दिसावा आणि मला ती दिसावी. मामा बाबांना समजावत होता की घराचं पोट भिंतीत असतं आणि इज्जत जमिनीत. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिली मुंगी देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातून आली. ती एकटी होती. मी तिच्याकडे प्रेमाने दुर्लक्ष केलं. मग तिची बहीण आली. मग सासर-माहेर दोन्ही आलं. साखर घातलेली तांदळाची खळ, आणि तीही रांगेत वाढलेली. मुंग्यांच्या जातीत इतकी शिस्तीची पंगत आजवर कोणी घातली नसेल. बघता बघता आमच्या पांढऱ्या दरजा एका टोकाकडून काळ्या व्हायला लागल्या. काळ्या होऊन थांबल्या नाहीत, चालू लागल्या.

मामाचं बोलणं मधेच तुटलं. त्याने चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा लावला. जमिनीवरच्या रेघा सरकतच होत्या. त्याला डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. चहाचा कप त्याने घाईघाईने खाली ठेवला आणि आत्याला कुजबुजत विचारलं की माझी साखर वाढलीय का गो. साखर वाढली होती हे खरंच होतं. फक्त ती मामाच्या अंगातली नव्हती.

बाबा कामाला लागले. मामाचं लक्ष वर राहावं म्हणून त्यांनी आढ्याची कहाणी सुरू केली, हे लाकूड कुठल्या जंगलातलं आणि कोणी तोडलं. पायाने मात्र ते एकेक दर्ज झाकत होते. बसल्या जागी ते जे पाय टाकत होते ते बघून बाहेरच्या मंडळींना वाटलं सोयरीक पक्की झाली, म्हातारा नाचतोय. पण माणसाला पाय दोन, आणि दरजा सगळ्या घरभर. तेवढ्यात पंगतीत जागा न मिळालेल्या मुंग्या मामाच्या धोतरात शिरल्या.

मामा उडाला. खाली आला तो नेमका सुटलेल्या लादीवर. लादी सरकली, मामा सरकला, आणि देव्हाऱ्याच्या दिशेने निघाला. मी धरला म्हणून घंटेपासून वाचला.

हसणं कुंपणापलीकडून आलं, पण लगेच थांबलं, कारण आत कोणीच हसत नव्हतं. मामा उठला, धोतर झटकलं, आणि मुलीला म्हणाला, “उठ गो. चल. हितं जमिनीवर भरवसा नाय, मानसांवर काय ठेवायचा.”

संपलं होतं. बाबा भिंतीकडे बघत होते, आणि मला म्हशाच्या जत्रेतले बैल आठवत होते.

मुलगी उठली, पण दाराकडे गेली नाही. जिथे लादी सरकली होती तिथे येऊन उकिडवी बसली. फटीतून बोट फिरवलं, वास घेतला. मग ॲसिडातूनही फटीच्या तळाशी वाचलेलं थोडं हिरवं नखाने उकरून तेही नाकाशी नेलं. आणि चुलीकडे तोंड करून तिने आईला विचारलं की मावशी, ही वर खळ आहे, मग हे खाली काय. शेण, आई म्हणाली. लादीवर शेण? तिने विचारलं. त्यात हसणं नव्हतं. बालवाडीतल्या पोराला विचारावं तसं विचारलं.

आई चुलीपासून उठून आली. “देवाला लादी चालत नाय गो पोरी,” ती म्हणाली. “नि तुला सारवन चालत नाय, असं सांगितलं आमाला. मी दोगांचं करत आले.”

“मला चालत नाय, असं कोन बोललं?”

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याने लादीकडे बघितलं. मग तिची बाजू सुरू झाली, ती लांबलचक होती, तिचा सारांश असा की हल्लीच्या मुलींना घर नीट लागतं, आणि नीट म्हणजे लादी हे काय सांगायला लागतं.

“मी आत्याबाईंना एकच बोलले होते,” मुलगी म्हणाली. “न्हानीला दार पायजे. आतून कडी लागनारं. लादीचं मी नावबी नाय काढलं.”

आमची न्हाणी घराच्या मागे होती. तीन बाजूंनी कारवीचा कूड आणि चौथ्या बाजूला युरियाचं रिकामं पोतं, माझ्याच दुकानातलं. डोंगरावरून वारा सुटला की पोतं उडे, म्हणून आत गेलेल्या बाईने एका हाताने पोतं धरायचं आणि एका हाताने अंघोळ करायची, आणि कोणाचं पाऊल वाजलं की खोकायचं. आई लग्न होऊन आली तेव्हापासून खोकत होती. आम्ही म्हणायचो तिला सर्दीचा त्रास आहे. जमिनीला इतका उजेड आणला होता की त्यात नाक दिसायचं, पण घरामागे जाऊन बघायचं कोणाला सुचलं नव्हतं. सबंध वाटाघाटीत जिच्यासाठी हा दर्जा चालला होता तिला काय हवंय हे तिलाच विचारायचं राहिलं होतं.

मुलगी मागे जाऊन पोतं बघून आली. पिशवी उचलली.

बाबांची एक गोष्ट मी मान्य करतो. ते चुकायचे मोठ्या प्रमाणात, आणि दुरुस्तही त्याच प्रमाणात करायचे. दार बसवतो, करून घेतो, पुढच्या महिन्यात बघतो, असलं ते काही बोलले नाहीत. त्यांनी पहार घेतली आणि घराचं पुढचं दार, सागवानी, पितळी कडीचं, आजोबांच्या वेळचं, बिजागरातून उचकटलं. मुलीला म्हणाले, बाय, चहा थंड झाला असंल, दुसरा होईस्तवर थांब.

दार एकट्याला उचलेना. मी दुसरं टोक धरलं. मामा निघायच्या तयारीत होता, पण कोणी दार वाकडं नेतोय हे त्याच्याने बघवेना. खालची बाजू खाली धरा, तो ओरडला, आणि मग स्वतःच मधे घुसला. कारवीच्या कुडाला ते दार म्हणजे कोंबडीला हत्तीची झूल. बिजागर ठोकायला लाकूडच नव्हतं. मामाने काथ्याचा दोर मागितला, दाराला नीट पाहून घेतलं, आणि दोन खांबांना ते असं आवळून बांधलं की न्हाणी पडली असती तरी दार उभं राहिलं असतं. मग दोनदा उघडून मिटून बघितलं आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाला की लाकूड चांगलं आहे. त्या दिवशी आमच्या घरातल्या कशाचं तरी त्याने मनापासून कौतुक केलं असेल तर ते हे.

मुलगी आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. पितळी, जड. घराच्या मागे आम्ही सगळे उभे, आणि कुंपणाजवळची मंडळीही वळसा घालून तिथे आलेली. मामाने घसा साफ केला, तर आत्याने त्याला गप्प केलं.

कडी निघाली. मुलगी बाहेर आली आणि मामाला म्हणाली, तारीख बघा. नंतर माझ्याकडे एकदा बघितलं. जत्रेतल्या वेळेपेक्षा किंचित जास्त. मग ती आईकडे वळली, म्हणाली, मावशी, आता तुमी जा, आणि तिने आईला दारातून आत ढकललंच.

कडी लागली. आत पाण्याचा तांब्या वाजला, मग पुन्हा वाजला. आई खोकली नाही. बाबांना तारखेचं बोलायचं होतं, पंचांग कुठे ठेवलंय ते फक्त आईला ठाऊक. त्यांनी दारावर हळूच टकटक केलं आणि विचारलं, झालं का गो.

“थांबा जरा,” आई आतून म्हणाली.

आणि बाबा, पावण्यांसमोर, गावासमोर, पंचांगाविना, थांबले.